ट्यून केलेल्या १.८ टीएसआयची ऑइल गळती: सील बदलूनही डाग परत का पडतात

रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीखाली तेलाचे डाग पडतात. गॅरेजवाला मागचं क्रँक सील बदलतो, महिना-दोन महिने फरशी कोरडी राहते आणि मग डाग पुन्हा तिथेच. दुसऱ्यांदा सील बदलण्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी: क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या, क्रँक फिरतो त्या पोकळीत, दाब किती आहे? ट्यून केलेल्या टर्बो इंजिनात परत परत फुटणारी गळती बहुतेक वेळा दाबामुळे होते. सील फक्त सगळ्यात आधी हार मानतं. दाब तसाच ठेवून नवं सील बसवलं तर तेही हार मानणार.

इथे स्कोडा-फोक्सवॅगनचं ईए८८८ पेट्रोल इंजिन धरलं आहे. लॉरा आणि आधीच्या सुपर्बमधलं १.८ टीएसआय (१६० पीएस, २५० न्यूटन-मीटर) जुन्या पिढीचं. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियातलं १.८ (१८० पीएस) आणि २०१७ मध्ये आलेल्या व्हीआरएसमधलं २.० (२३० पीएस) तिसऱ्या पिढीचं. यातल्या बऱ्याच गाड्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या असल्याने आपल्याकडे त्या भरपूर आहेत, आणि सेकंडहँड घेऊन रिमॅप करणारेही तितकेच. तपासण्याची पद्धत दुसऱ्या टर्बो पेट्रोललाही लागू पडते, फक्त भागांच्या जागा बदलतील.

आधी धुवा, मग शोधा

तेल गळतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे. गाडी चालताना वारा ते मागे ढकलतो, इंजिनाच्या पायथ्याशी ते धुळीत मिसळून लगदा होतं, आणि खाली लोखंडी सम्प गार्ड असेल तर सगळं त्यावर साचून गार्डच्या सगळ्यात खालच्या भोकातून टपकतं. म्हणून डागाची जागा पाहून निदान करू नये. गार्ड आणि खालचं प्लास्टिक कव्हर काढा, थंड इंजिनावर डीग्रीझर मारा, दहा मिनिटं थांबा, ब्रशने घासा आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवा. अल्टरनेटर, कॉइल आणि कनेक्टर प्लास्टिकने झाका. प्रेशर वॉशरची धार सीलच्या ओठावर आणि वायरिंगवर धरू नका.

मग ऑइलमध्ये यूव्ही डाय घाला. पेट्रोल इंजिनाच्या तेलासाठी बनलेलाच घ्या (एसीच्या गॅसचा वेगळा असतो) आणि बाटलीवर लिहिलंय तितकाच वापरा. गाडी ४०-५० किलोमीटर चालवा, त्यात काही वेळ चढावर पूर्ण बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) येऊ द्या. नुसतं आयडलवर ठेवून ही गळती सापडत नाही. नंतर गाडी अंधारात लिफ्टवर घ्या आणि पिवळा चष्मा लावून यूव्ही टॉर्चने वरून खाली बघत या. जिथे सगळ्यात उंचावर चमकतंय ती गळतीची जागा, त्याखालचं सगळं ओघळ. डाय नसेल तर धुऊन कोरड्या केलेल्या जोडांवर टाल्कम पावडर फुंकली तरी ताजा ओघळ उमटतो.

टर्बो, डाउनपाइप किंवा कॅटवर तेल पडत असेल तर ही सगळी तपासणी नंतर. तापलेल्या एक्झॉस्टवरचं तेल पेट घेऊ शकतं. धूर किंवा जळका वास येत असेल तर गाडी टोइंगनेच हलवा.

ज्याला मागचं सील म्हणतात ते अनेकदा मागचं सील नसतं

बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाच्या) तळाशी तेल दिसलं की "रिअर मेन सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असा निकाल लागतो आणि मजुरीचा मोठा आकडा सांगितला जातो. पण याच बाजूला, हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, व्हॅक्यूम पंप आहे आणि हाय प्रेशर फ्युएल पंपही तिथेच. व्हॅक्यूम पंपाचं पॅकिंग किंवा त्याच्या स्वतःच्या मागच्या झाकणाचं सील गेलं की तेल हेडच्या भिंतीवरून खाली येतं आणि थेट बेल हाउसिंगच्या जोडावर जमतं. फ्युएल पंपाच्या बुडाची ओ-रिंग गेली तरी तेच. हे दोन्ही भाग गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येतात. म्हणून बॅटरी आणि एअर बॉक्स बाजूला करून वर आरसा-टॉर्च घालून बघितल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणू नये. वरचा भाग कोरडा आणि बेल हाउसिंगच्या तळाच्या जोडातूनच तेल येतंय, असं असेल तेव्हाच मागच्या सीलवर संशय घ्यावा.

बाकीच्या जागा पटकन सांगायच्या तर: पुढे, इंजिनच्या वरच्या बाजूला असलेल्या ऑइल फिल्टरच्या ब्रॅकेटचं पॅकिंग आणि त्यालाच जोडलेला ऑइल कूलर, टायमिंग चेनचं वरचं कव्हर आणि त्यातले कॅम अ‍ॅडजस्टरचे मॅग्नेट, टर्बोला तेल नेणारा फीड पाइप आणि परत आणणारा रिटर्न पाइप, चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचा) जोड, आणि ड्रेन बोल्ट. तिसऱ्या पिढीत कॅम मॅग्नेटची खास तक्रार आहे. तेल मॅग्नेटच्या आतून कनेक्टरमध्ये शिरतं आणि वायरच्या आतून पुढे सरकत जातं. कनेक्टर उपसून बघा, आत तेल असेल तर नुसतं बाहेरचं सील बदलून भागत नाही, मॅग्नेटच बदलावा.

दाब मोजणं

रिमॅपनंतर बूस्ट वाढतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा वायूही वाढतो. तो क्रँककेसबाहेर काढून परत इंजिनात जाळायला पाठवायचं काम पीसीव्ही या वाल्व्ह-युनिटचं. या इंजिनात पीसीव्ही युनिट डोक्यावर, टॅपेट कव्हरवर बसतं आणि त्याला दोन वाटा आहेत. आयडलला किंवा कमी लोडवर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू तिकडे ओढला जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्येच दाब होतो, आतला एकदिशा वाल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या इनलेटकडे जातो. हा वाल्व्ह नीट बंद झाला नाही तर पूर्ण बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो. स्टॉक बूस्टवर जेमतेम धरून असलेला वाल्व्ह रिमॅपनंतर लगेच उघडा पडतो.

मोजण्यासाठी एसीवाल्यांकडे किंवा गॅस पाइपलाइनवाल्यांकडे असतो तसा डिजिटल मॅनोमीटर घ्या, साधारण १५० मिलिबारच्या दोन्ही बाजू दाखवणारा. टायरचा गेज इथे काही कामाचा नाही, त्याचा काटा हलणारच नाही. डिपस्टिक काढून तिच्या नळीत घट्ट बसणारी रबर नळी घाला, मॅनोमीटर केबिनमध्ये आणा आणि शेजारच्याला वाचायला सांगा. इंजिन पूर्ण गरम असू द्या.

आयडलला आकडा शून्याच्या किंचित खाली असायला हवा. पूर्ण बूस्टवर शून्याच्या आसपास. आता चुकीचे तीन प्रकार:

आयडललाच व्हॅक्यूम खूप जास्त, ऑइलची टोपी ओढून काढावी लागते, शिट्टीसारखा आवाज येतो आणि टोपी सैल केली की आवाज थांबतो. हे पीसीव्हीचं डायफ्रॅम फाटल्याचं लक्षण. मॅनिफोल्डचा सगळा व्हॅक्यूम क्रँककेसवर येतो, शिट्टी वाजते ती मागच्या सीलमधून आत खेचल्या जाणाऱ्या हवेची. स्कॅनरवर पी०१७१ किंवा पी२१८७ असे लीन मिश्रणाचे (हवा जास्त, पेट्रोल कमी) कोड सोबत मिळतात. असंच चालवत राहिलं तर सीलचा ओठ खराब होतो, म्हणजे आधी वाल्व्ह आणि नंतर सील असे दोन खर्च.

बूस्ट येताक्षणी आकडा झटक्यात वर जातो आणि थ्रॉटल सोडला की खाली येतो. एकदिशा वाल्व्ह गळतोय. युनिट उतरवून मॅनिफोल्डकडच्या तोंडातून फुंकून बघा, हवा आत जाता कामा नये.

आकडा आरपीएम आणि लोडबरोबर हळूहळू चढत जातो आणि मॅनिफोल्डकडची वाट चाचणीपुरती बंद केली तरी तसाच चढतो. इथे एक तर टर्बो इनलेटकडचा ब्रीदर पाइप तुंबलाय किंवा दबलाय, नाहीतर रिंगांमधूनच जास्त वायू येतोय. पाइप आधी बघा, ते फुकटात होतं.

रिंगांचा संशय असेल तर कॉम्प्रेशन घ्या. या इंजिनात नव्या स्थितीत ११ ते १४ बार, झिजल्याची हद्द ७ बार आणि सिलिंडरांमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. आकडे ठीक आले तरी लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं) करावं. पण जुन्या पिढीत तेल खाण्याचं कारण बहुधा ऑइल कंट्रोल रिंग असते आणि ती या दोन्ही चाचण्यांत दिसत नाही. लीक-डाउनमध्ये ऑइलच्या टोपीतून फुस्स ऐकू आलं तर रिंग, टेलपाइपमधून आलं तर एक्झॉस्ट वाल्व्ह. रिंगा गेलेल्या इंजिनावर पीसीव्ही, कॅच कॅन (वायूतलं तेल अडवणारा डबा), महागडं सील यांपैकी कशावरही पैसे घालू नयेत. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत तेल खाणं चालतं असं लिहिलेलं असतं. रिमॅप केलेल्या गाडीत खप त्या हद्दीच्या जवळ आला असेल तर आधी रिमॅप काढून स्टॉक फाइल टाका आणि मग मोजा.

पीसीव्हीवर कुठे खर्च करावा

पहिली सुधारणा सगळ्यात कंटाळवाणी आहे: कंपनीचंच नवं, सुधारित आवृत्तीचं पीसीव्ही युनिट. पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरं पुढे सरकत गेली आहेत, तेव्हा जुना नंबर दाखवून जुनाच माल घेऊ नका. बाजारात हुबेहूब दिसणारी स्वस्त युनिट मिळतात. त्यांचं डायफ्रॅम लवकर जातं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

दुसरी पायरी कॅच कॅन. बूस्ट बराच वाढवला असेल तर मॅनिफोल्डकडची वाट प्लेट लावून बंद करतात आणि सगळा वायू कॅनमधून टर्बो इनलेटकडे नेतात. यात बूस्ट क्रँककेसमध्ये जाण्याची शक्यताच संपते. बदल्यात आयडलला क्रँककेसमधला व्हॅक्यूम कमी होतो, त्यामुळे ओलावा आणि पेट्रोलची वाफ तितक्या पटकन बाहेर पडत नाही. शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला हे मानवत नाही. रोजच्या गाडीसाठी चांगला स्टॉक वाल्व्ह पुरेसा, असं आमचं मत.

कॅन घेताना आत बॅफल किंवा जाळी आहे की नाही ते बघा. नुसता रिकामा डबा तेल अडवत नाही, वायू आत जाऊन तसाच बाहेर येतो. होज १९ मिलिमीटर आतल्या व्यासाचा हवा. बारीक होज लावला की तुम्हीच नवा अडथळा तयार केलात. पावसाळ्यात आणि थंडीत कॅनमध्ये कॉफीच्या रंगाचा फेस जमतो. तो ओलाव्याचा असतो, हेड गॅस्केट गेलं असं समजून घाबरू नका. कूलंट कमी होत नाही ना एवढं पाहा. कॅन दर १००० किलोमीटरला रिकामा करा, भरलेला कॅन टर्बोत तेल ओततो. निघालेला माल पुन्हा इंजिनात घालायचा नाही. आणि कॅनचं तोंड बाहेर हवेत मोकळं सोडू नका: एक तर पीयूसीला अडचण, दुसरं म्हणजे केबिनमध्ये सतत तेलाचा वास.

होजचा प्रकार इथे फार महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कूलंटचा ईपीडीएम रबराचा होज तेलाने फुगतो आणि मऊ पडतो. निळा-लाल झळाळता साधा सिलिकॉन होज तेल झिरपू देतो, काही आठवड्यांत बाहेरून चिकट होतो, आणि मालक नवी गळती शोधत बसतो. नायट्राइल रबराचा, किंवा आतून फ्लोरो-लाइनिंग असलेला सिलिकॉनच घ्या.

टर्बो बदलला असेल तर

जुन्या पिढीत के०३ काढून के०४, तिसऱ्या पिढीत आयएस१२ किंवा आयएस२० काढून आयएस३८ (ही सगळी टर्बोची मॉडेलं), हे नेहमीचे बदल. त्यानंतर सुरू झालेल्या गळतीत टर्बोला दोष देण्याआधी रिटर्न पाइप बघा. टर्बोच्या शाफ्टवर क्रँकसारखं रबरी ओठाचं सील नसतं. पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर तेल आत राहतं. परतीचं तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. त्याच्या वाटेत पोट आलेला होज, काटकोनी वळण, अरुंद अडॅप्टर, पॅकिंगचं भोक झाकणारं सिलिकॉन किंवा चेंबरमधला दाब आला की तेल टर्बोत तुंबतं आणि रिंगांवरून एक्झॉस्टमध्ये किंवा इंटरकूलरमध्ये जातं. मग निळा धूर, आणि "टर्बोचं सील गेलं" हे ठरलेलं वाक्य.

टर्बोचं तेलाचं तोंड सरळ खाली असावं, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये. रिटर्न होज १० एएनपेक्षा (एएन हे होजचं प्रमाण माप) बारीक नको, सतत उतरता हवा आणि तो चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडावा. फीडच्या बाजूला बॉल बेअरिंग टर्बोला साधारण १ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लागतो. साध्या जर्नल बेअरिंगला बहुधा लागत नाही, आणि उगाच लावला तर बेअरिंग उपाशी राहतं. म्हणून टर्बोसोबत आलेला कागद वाचा, दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

शाफ्ट हातात धरून बघताना: आजूबाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर जाणवेल इतकं हलणं चालत नाही, पंखा घराला घासता कामा नये. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर सगळ्याच टर्बो गाड्यांत सापडतो. खालच्या वाकणात डबकं असेल तर मात्र कारण शोधा. घाणीने गच्च एअर फिल्टरही कंप्रेसरकडून तेल ओढून घेतो, तो आधी बदला.

बँजो बोल्टचे (ज्याच्या आतून तेल जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर वेळी नवे, दोन्ही बाजूंना. अगदीच अडलं तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि एकदा चालून जातो. बोल्ट जास्त आवळून गळती थांबत नाही, आटे जातात.

बसवताना

मागच्या सीलची वेळ आलीच तर ते फ्लँजसकट येतं. पीटीएफई (टेफ्लॉन) ओठाचं असेल तर कोरडंच बसवायचं, तेल-ग्रीस लावायचं नाही, आणि सोबत आलेली प्लास्टिकची बाही शेवटपर्यंत काढायची नाही. क्रँकची कडा ओठाला लागली की सील तिथेच संपलं. जुन्या सवयीने ओठाला तेल चोपडणारे कारागीर बरेच आहेत, तेव्हा आधी सांगून ठेवा. गिअरबॉक्स उतरला असेलच तर क्लच आणि फ्लायव्हीलही बघून घ्या. बाजारात ॲल्युमिनियमच्या फ्लँजची मजबूत सीलही मिळतात. दाब दुरुस्त झाल्यावर ती घेतली तर ठीक, दाब लपवायला घेऊ नयेत.

धातूच्या चेंबरच्या जोडाला पॅकिंग नसतं, सिलिकॉन सीलंट असतं. जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा. सीलंटची धार २ ते ३ मिलिमीटर, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, सलग. पाच मिनिटांच्या आत चेंबर लावा, बोल्ट थोडे थोडे करत तिरपे आवळा आणि तेल भरण्याआधी किमान अर्धा तास थांबा. जाड धार लावली की जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. तेव्हा गळती थांबते आणि इंजिन जातं.

वरचं टॅपेट कव्हर मात्र गल्लीतल्या गॅरेजात उघडू देऊ नका. यात कॅमशाफ्टच्या बेअरिंगच्या टोप्या कव्हरमध्येच आहेत. सीलंट रोलरने अतिशय पातळ लावायचा असतो आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कने. जाड सीलंट बेअरिंगमध्ये गेला तर कॅमच अडकेल.

टायमिंगच्या वरच्या कव्हरचे छोटे बोल्ट ९ न्यूटन-मीटरचे, टॉर्क पान्यानेच. धातूच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट ३० न्यूटन-मीटर, नव्या वॉशरसकट. जुन्या पिढीचा वर बसणारा फिल्टर २२ न्यूटन-मीटर. त्याच्या रबर रिंगला नवं तेल लावा आणि जुनी रिंग ब्रॅकेटला चिकटून राहिली नाही ना ते बोटाने तपासा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की पहिल्याच स्टार्टला तेल उडतं.

तेल व्हीडब्ल्यू ५०२.०० मान्यतेचं ५डब्ल्यू-४०. जुन्या १.८ मध्ये फिल्टरसकट सुमारे ४.६ लिटर बसतं; तिसऱ्या पिढीत ते जास्त, म्हणून आधी ५ लिटर घालून डिपस्टिक बघत पुढे जा. तपासताना गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली हवीत. जास्त तेल ही सुद्धा गळतीच आहे: क्रँक त्यात फिरून फेस करतो आणि ब्रीदरमधून तेल जातं. पातळी आपोआप वाढत असेल तर तेलात पेट्रोल मिसळतंय, डिपस्टिक हुंगून बघा.

गार्ड लगेच चढवू नका. दोन-अडीचशे किलोमीटर मोकळं चालवा, खंबाटकी किंवा कसाऱ्यासारखा एखादा घाट त्यात असू द्या, आणि मग यूव्ही टॉर्चने पुन्हा बघा. दाबाची चाचणी त्याच दिवशी परत करून आकडा लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला हाच आकडा कामी येईल. इंजिनात बदल केलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येऊ शकतं आणि विमा कंपनीही प्रश्न विचारू शकते, तेव्हा स्टॉक फाइल आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा.